कोंडाबाईनं कोहळा चिरला

कोंडाबाई,

तुम्हाला पत्र लिहिण्यात अर्थ नाही हे मला कळतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीच. पण परवा एका समारंभात एका बाईंचं भाषण ऐकलं. आपल्या आज्या-पणज्या किती सोशीक होत्या, मुकाट्यानं सगळं कसं सोसत गेल्या, असं त्या गळा दाटून सांगत होत्या आणि समोरच्या बायका माना डोलवत होत्या. मला तुमची आठवण झाली. तुम्ही मागच्या रांगेत असता तर उठून काय बोलला असतात, ते इथं लिहिता येणार नाही.

म्हणून तुमची हकीकत लिहून काढते आहे. तुम्ही देवी वगैरे नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही फटकळ होता. भांडायला लागलात की मागल्या पिढीपासूनचं उकरून काढायचात. वाळवणात कोंबडी शिरली तर कोंबडीला दगड आणि कोंबडीवालीला शिव्या, असा तुमचा हिशेब होता. माझे वडील तुमच्या वाडीत शाळामास्तर होते आणि आपल्या दोन घरांत एका कुडाचं अंतर होतं. ही गोष्ट घडली तेव्हा मी परकरात होते, मला काही समजलं नाही. पुढं कॉलेजातून सुट्टीला आले की शेंगा मोडता मोडता तुम्हीच मला ती सांगायचात. दर वेळी थोडी वेगळी सांगायचात. त्यातली मला पटली ती मी घेतली आहे.

आणि इथून पुढं मी तुम्हाला 'ती' म्हणणार आहे. वाचणाऱ्यांना सोपं जातं. राग मानू नका. मानलात तरी आता काही करता येणार नाही.

*

कोंडाबाईचं सासर आंबवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावरच्या वाडीत होतं. तिकडे मृगात लागलेला पाऊस नवरात्रापर्यंत हटत नसे. ओढे दोन्ही काठ सोडून वाहायचे आणि भोरचा बाजार मनातल्या मनात करावा लागायचा. त्या दिवसांत जे घरात असेल तेच ताटात. जिनं उन्हाळ्यात वाळवून ठेवलं तिच्या घरी कालवण व्हायचं, जिनं ठेवलं नाही तिच्या घरची माणसं नाचणीची भाकरी मिठाशी खायची आणि शेजारच्या चुलीचा वास घ्यायची.

कोंडाबाईच्या घरी वास घेण्याची वेळ कधी आली नाही. घरामागं तिचं परस होतं. फार मोठं नव्हे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कुडाच्या कडेनं घेवडा, कोपऱ्यात शेवगा, मधे वांगी-मिरचीचे वाफे, थंडीत मेथी. मांडवावर दोडका, पडवळ आणि कारली. पण तिचा जीव होता कोहळ्याच्या वेलावर. तो ती घराच्या कौलांवर चढवायची. पावसाळा सरता सरता पानं झडून गेली की कौलांवर राख फासल्यासारखे पांढरे कोहळे दिसायला लागायचे. खालच्या वाटेनं येणाऱ्याला वाटावं, घरावर बैरागी येऊन बसलेत.

माघ लागला की तिची खाट तिला झोपायला मिळत नसे. खाटेवर गवारी, खाटेवर कारल्याच्या चकत्या, खाटेवर वांग्याच्या फोडी. हरभऱ्याचा पाला खुडून वाळवायचा, मेथी सावलीत वाळवायची, आणि चैत्राचं ऊन तापलं की वर्षातलं मोठं काम, कोहळ्याचे सांडगे. उडदाची डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी पाट्यावर वाटायची, त्यात कोहळ्याचा कीस पिळून घालायचा, मीठ, मिरची, जिरं घालून चटईवर बोटांनी तोडून टाकायचे. श्रावणात बाहेर पाऊस कोसळत असताना तेच सांडगे तेलावर परतून त्यांचं कालवण करायचं. मी ते खाल्लेलं आहे. पुढं आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं, त्याच्याशी मी त्याची तुलना करत नाही, उगाच बाकीच्यांचा अपमान होतो.

तर सांडग्यांना कोहळा लागतो, आणि कोहळा चिरण्याचा एक नेम होता.

बाईनं आख्खा कोहळा चिरायचा नाही. कोहळा देवापुढं बळीच्या जागी देतात. तो घरातला थोरला मुलगा समजायचा आणि त्याच्यावर पहिला वार पुरुषानं करायचा. बाईनं केला तर घरातला कर्ता माणूस जातो म्हणत. पहिला वार झाला, दोन भकलं झाली, की पुढं साल काढा, बी काढा, किसा, पिळा, उन्हात बसून पाठ भाजून घ्या, त्याला बाई चालत असे. हा नेम कुणी काढला मला ठाऊक नाही. काढणाऱ्यानं जन्मात सांडगे घातले नसणार एवढं मात्र नक्की.

नवरा होता तोवर कोंडाबाईला या नेमाचं काही वाटलं नाही. बाजी सकाळी शेतावर निघताना कोयता उचलायचा, कोहळ्यावर एक घाव घालायचा आणि तसाच वाटेला लागायचा. मग तो तापानं गेला. पोटी मूल राहिलेलं नव्हतं. घराच्या जुन्या अर्ध्यात ती आणि तिची म्हातारी सासू साळूबाई अशा दोघीच उरल्या. दुसऱ्या अर्ध्यात धाकटा दीर हरिबा आणि त्याची बायको चंद्राबाई. चुली दोन, जमीन एक. जमीन हरिबा कसायचा आणि दाणे दोन्ही चुलींना द्यायचा.

हरिबा वाईट माणूस नव्हता. मेहनती होता, निर्व्यसनी होता, आणि घरात एकच आवाज असावा अशी त्याची समजूत होती. त्यानं नवी बैलजोडी केली होती, म्हैस घेतली होती, त्यांना गोठा हवा होता आणि गोठ्याला सपाट जागा. ती होती परसात.

"वैनी," तो म्हणाला, "घरात बापई न्हाई. कोहळा चिरायचा झाला तरी मलाच हाळी घालताय. मंग परस कुणाच्या जिवावर धरून बसलाय?"

"बी माझ्या हातानं उगवतं, भावजी. कुणाच्या जिवावर ते बियालाच इच्यारा."

"दोन बायांना किती लागतंय? भाजी काय, माझ्या घरातनं यील वाटीभर."

"वाटीभर मला नगं. मी वाटीभर देनारी हाय."

"मंग म्हायेरी जावा चार दिस. डोकं थंड करून या."

कोंडाबाईचं माहेर भाटघरला धरण झालं तेव्हा गेलं. भाऊ पांगले, घर पाण्याखाली.

"म्हायेर पाण्यात हाय," ती म्हणाली. "पवायला शिकिवता का, भावजी?"

चंद्राबाई ओसरीवर दळण निवडत बसली होती, ती फस्सकन हसली. हरिबानं तिच्याकडं पाहिलं तशी तिनं तोंडात पदर धरला. भांडण त्या दिवशी तिथंच थांबलं, पण हरिबाच्या हातात काय आहे ते त्याला त्या दिवशी कळलं होतं. त्याच्या हातात कोयता होता.

चैत्रात कोंडाबाईनं सांगून ठेवलं, भावजी, उद्या सकाळी कोहळा चिरून द्या, मी डाळ भिजत घालतेय. हरिबा व्हय म्हणाला. तिनं डाळ घातली. सकाळी हरिबा आंबवड्याला निघून गेला. ज्यांनी डाळ भिजत घातली नाही त्यांना सांगते, चैत्रातली भिजली डाळ दुपारपर्यंत थांबत नाही. तिला फेस येतो, वास येतो, मग ती माणसाच्या कामाची राहत नाही. संध्याकाळी हरिबा आला तेव्हा डाळ त्याच्याच म्हशीपुढं होती.

"इसरलो, वैनी."

"म्हशीला इच्यारा कशी लागली."

पुन्हा डाळ घातली. या खेपेला तो आला. कोयता हातात घेतला, कोहळ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आदी परसाचं बोला."

कोंडाबाईनं त्याच्याकडं बघितलं. पाटा धुऊन ठेवलेला, डाळ निथळत ठेवलेली, अंगणात चटई पसरलेली. ऊन वर चढत होतं.

"कोयता खाली ठिवा," ती म्हणाली.

त्यानं ठेवला आणि निघून गेला. म्हशीची पुन्हा चैन झाली.

आता वाडीत पुरुष काय हरिबा एकटाच नव्हता. पण ज्याला विचारावं तो म्हणे, "हरिबाच्या घरचं हाय, आमी मधी कशाला?" शेजारच्या बनाबाईला एक तोड सुचली. पुरुष म्हणजे पुरुष, मग वय कशाला बघायचं? तिचा तान्हा नातू होता. त्याची मूठ कोयत्याला लावायची, वरून कोंडाबाईनं जोर द्यायचा, झाला नेम पुरा. अशी पळवाट दुसऱ्या गावात चालते म्हणे. बनाबाई पोराला कडेवर घेऊन निघालीसुद्धा, पण तिच्या नवऱ्यानं दारातच अडवलं. हरिबानं घरोघर सांगून ठेवलं होतं. वाडीत पाळण्यातलं पोरगंसुद्धा कोंडाबाईला मिळू नये, असा बंदोबस्त झाला होता.

हे ऐकलं तेव्हा मी हसले होते. कोंडाबाई हसली नव्हती. "हसतीस काय, पोरी? सांडगं गेलं तर पावसाळ्यात मी भावजीच्या दारात वाटी घिऊन हुबी. एकदा वाटी घिऊन गेलं की दुसऱ्या दिशी परस गेलं. तिसऱ्या दिशी मी गेले." एवढं सरळ होतं ते.

तिनं तिसऱ्यांदा डाळ घातली. कुणाला हाळी घातली नाही.

सकाळी बनाबाई चटई धरायला म्हणून आली. चंद्राबाई आपल्या दारात उगाच केर काढत राहिली. कोंडाबाईनं माळ्यावरून त्यातल्या त्यात मोठा कोहळा काढला, धुतला, दगडावर ठेवला आणि पदर खोचला.

"अगं, काय करतीस?" बनाबाई म्हणाली. "थांब. भावजीच्या पाया पड, मी बी येते संगं."

"नरच पायजे ना?" कोंडाबाई म्हणाली. "त्यो बोकड बांधलाय बघ भावजीच्या दारात. आन त्याला. त्याच्या शिंगानं फोडते. त्याला तर दाढी बी हाय."

आणि तिनं कोयता घातला.

एका घावात कोहळा चिरतो तो पुरुषांच्या गोष्टीत. कोयता सालीत रुतून बसला. ओढला तरी निघेना. मग तिनं कोयत्यासकट आख्खा कोहळा उचलला आणि दगडावर आपटला. एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला, हातातल्या काचेच्या बांगड्या नवऱ्याबरोबरच गेल्या होत्या, म्हणून निदान त्या तरी फुटल्या नाहीत. मग तो दुभंगला. बनाबाई वाकून आत बघायला लागली, जणू आत कुणी निघणार होतं. आत पांढरा गर होता आणि बी होतं.

ओसरीवरून साळूबाईनं विचारलं, "कोण आलंय? हरिबा आला व्हय चिरायला?"

"न्हाई, आत्याबाई. म्या चिरला."

म्हातारीच्या हातातली जपाची माळ थांबली. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "कोंडे, थोरल्याचं डोकं फोडलंस गं माझ्या!"

कोंडाबाईच्या हातात कोहळ्याचं भकल होतं. ती ते घेऊन ओसरीपाशी आली. "थोरला तर गेला, आत्याबाई," ती म्हणाली. "नेम पाळत हुतो तवाच गेला. दर साली त्यांनीच चिरला कोहळा, कुनी बाईनं हात लावला नव्हता. मंग का गेलं ते?"

साळूबाईनं माळ पुन्हा ओढायला घेतली. कोंडाबाई भकल घेऊन वळली. ती परत जाऊन किसायला बसली. डाळ थांबणारी नव्हती.

हरिबाला चंद्राबाईनं सांगायच्या आधी वाडीनं सांगितलं. तो आला तेव्हा चटई सांडग्यांनी भरली होती.

"कुनी चिरला?"

"म्या."

"ह्या घरात आता वंगाळ काय झालं तर?"

"तर तुमी हायेच की सांगायला. सरका, सावली पडतीय."

हे सगळं ती मला मोठ्या ऐटीत सांगायची. पण एका सुट्टीत, मी न विचारता, तिनं दुसरंही सांगितलं. पुढचे काही दिवस ती आतून घाबरून गेली होती. सकाळी उठली की आधी साळूबाईचा श्वास बघायची, मग भिंतीला कान लावून हरिबाच्या घरात माणसं बोलताहेत ना ते ऐकायची. बैलानं मान टाकली तरी ही उठून बघायला जायची. त्यातच साळूबाईला खोकला झाला. कोंडाबाईनं आलं, गवती चहा, अडुळसा, जे हाताला लागेल त्याचा काढा करून तिला पाजला. "मरू नगा, आत्याबाई," ती म्हणायची. "निदान वाळवण उतरंस्तवर तरी मरू नगा. समदी माझ्या नावानं बोंब मारतील."

"तुझ्या वाळवणासाटी जगू व्हय?"

"माझ्यासाटी नगा. हरिबाला खोटं पाडायला जगा."

म्हातारी जगली. सांडगे खडखडीत वाळले आणि मडक्यात गेले. वाडीत कुणी गेलं नाही. एक म्हातारं कुत्रं मेलं, ते दोन वर्षं मरत होतं, त्याचा ठपकासुद्धा काही जणांनी कोंडाबाईवर ठेवून पाहिला.

मग हरिबानं सरळ मार्ग धरला. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एके दिवशी कोंडाबाई ओढ्यावर धुणं घेऊन गेली असताना तो पहार घेऊन परसात शिरला आणि गोठ्याच्या मेढींसाठी खड्डे घेतले. वाफ्यांतून सरळ रांग. वांग्याची झाडं उपटून कुडाला लावून ठेवली होती. व्यवस्थित रचून. हरिबाचं काम नेहमीच व्यवस्थित.

ती धुणं घेऊन आली तोवर कुडाशी निम्मी वाडी जमली होती. आता ही तोंड सोडणार, आणि ते ऐकायला मिळणार. तिनं तोंड सोडलं नाही. धुण्याची पाटी खाली ठेवली आणि एकेका खड्ड्यात डोकावून बघत गेली. खड्डे चांगले खोल होते. तळाशी काळी माती लागली होती.

"मेढी कधी आनताय, भावजी?"

"आखिती झाली की. सनाला बैल जुपत न्हाईत." हरिबाला हा शांत आवाज आवडला नाही. "का?"

"काय न्हाई. इच्यारलं."

आखितीचा सण आमच्याकडे पितरांचा. गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेला करा ठेवायचा, पान वाढायचं, आणि त्याच दिवशी परसात आळी करून पावसाळ्याच्या वेलांचं बी लावायचं. आखितीचं बी पितरांच्या नावानं लावलेलं असतं. ते उगवलं तर उगवलं, नाही तर नाही, पण ते आळं कुणी मोडत नाही. बाईनं कोहळा चिरू नये यापेक्षा हा नेम वाडीत चार अंगुळं वरचाच होता.

सकाळी हरिबा आंघोळ करून, धोतर नेसून, थोरल्या भावाच्या आणि बापाच्या नावानं पाणी सोडायला जुन्या घरात आला. मागच्या दारातून त्याला परस दिसलं. त्याच्या प्रत्येक खड्ड्यात शेणखत पडलं होतं, वर माती ओढून गोल आळी केली होती, आणि कोंडाबाई त्यांच्यामधून ओच्यातलं बी लावत चालली होती.

"ह्ये मामंजींच्या नावानं," ती मोठ्यानं म्हणत होती. "दोडका. त्यास्नी दोडका आवडायचा. ह्ये तुमच्या दादाच्या नावानं. कोहळा. ह्ये बी त्यांच्याच नावानं. ह्ये मोठ्या आजीच्या. कारलं. त्या तशाच हुत्या म्हनं."

"वैनी! त्यो गोठा हाय!"

"गोठा कुठं हाय? आळी हायेत. खड्डं छान घेतलंसा, भावजी. माझ्यानं येवढं खोल झालं नसतं."

"म्या उपटून टाकीन समदं."

"टाका."

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. कुडापलीकडे बनाबाई, तिचा नवरा, आणखी दोन-चार डोकी. हरिबा दोन पावलं पुढं आला आणि थांबला.

"तू नेम मोडलास त्यो चालतो व्हय?" रागात तो एकेरीवर आला. "कोहळा चिरताना नेम कुठं गेला हुता?"

"म्या मोडला. मोडला म्हून तर सांगते, मोडायला मोट्टी छाती लागतीया. मला चार दिस झोप न्हवती. तुमी दादाचं आळं मोडून बघा, मंग आपन दोगं बसून बोलू."

तेवढ्यात मागच्या दारातून साळूबाई आली. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात तांब्या. कोहळा चिरल्या दिवसापासून ती सुनेशी कामापुरतंच बोलत होती. तिला दिसायचं कमी, पण ती पायानं चाचपत पहिल्या आळ्यापाशी आली.

"थोरल्याचं कंचं?" तिनं विचारलं.

"ह्ये, आत्याबाई. आन् त्याच्या फुडचं."

म्हातारीनं वाकून पाणी घातलं. हळू, सगळीकडं सारखं, बी उघडं पडणार नाही असं. मग तांब्या हरिबापुढं धरला.

"आई, तू बी?"

"माझ्या लेकाला पानी घालतीया," ती म्हणाली. "तू भाऊ न्हवं त्याचा? तुला घालायचं न्हाई का?"

सणाच्या दिवशी, सोवळ्यात, सगळ्या वाडीदेखत. हरिबानं तांब्या घेतला. भावाच्या आळ्याला घातलं, बापाच्या आळ्याला घातलं, आणि एकदा घालायला लागल्यावर बाकीच्यांना तरी कसं सोडणार? आजी होती, चुलते होते. स्वतःच्या गोठ्याला स्वतःच्या हातानं पाणी घालून तो पुढच्या दारानं निघून गेला. चंद्राबाईनं त्या दिवशी त्याला पुरणाची पोळी जास्त वाढली म्हणे, आणि जेवताना त्याच्याकडं अजिबात पाहिलं नाही, हसू येईल म्हणून.

गोठा त्यानं खडकाच्या बाजूला बांधला. खडक फोडायला त्याचा उन्हाळा गेला. पुढं तो कोंडाबाईशी बोलू लागला, कारण एका घरात राहून न बोलण्यात फार कष्ट पडतात, पण परसाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

इथं गोष्ट गोड करायचा मोह होतो, तो मी आवरते. साळूबाईनं ते सांडगे कधी तोंडात घातले नाहीत. आळ्याला पाणी घातलं ते लेकाच्या नावानं. बाईनं चिरलेला कोहळा तिला शेवटपर्यंत पटला नाही. श्रावणात पाऊस कौलं बडवत असायचा, घरात दुसरं कालवण नसायचं, तरी ती सांडगे बाजूला सारून भाकरी मिठाशी खायची. कोंडाबाईनंही तिच्या ताटात ते वाढायचं एकदासुद्धा चुकवलं नाही. दोघीही सारख्याच.

वाडीच्या बायकांचं मात्र वेगळं झालं. कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत, कुणाचा रुसलेला, कुणाचा नुसताच आळशी. चैत्र आला की पदराखाली कोहळा घेऊन एखादी मागच्या दारानं यायची.

"कोंडे, येवढा चिरून दे गं. न्हाई तरी तुला पाप लागलंच हाय, आनखी एक."

"तुजं तू चिर की. हात न्हाईत?"

"मला धनी हाय, बाई. त्याला काय झालं मंजी?"

"मंग धन्याला सांग."

"त्यो झोपलाय."

ती शिव्या देत चिरून द्यायची. कोयता आता एका घावात पार जायचा. बी मात्र ठेवून घ्यायची. त्यामुळं दहा घरच्या कोहळ्यांचं बी तिच्याकडं राखेत घालून ठेवलेलं असे, आणि आखितीच्या आधी पुन्हा त्याच बायका बी मागायला येत. देताना ती प्रत्येकीला ऐकवायचीच.

मी फर्ग्युसनला होते तेव्हाच्या उन्हाळ्यातली गोष्ट, एकेचाळीस सालची. परसात तिच्याबरोबर गवारी खुडत होते आणि पुण्याच्या मंडईतल्या भाज्या सांगत होते. फुलकोबीचं सांगितलं. पांढरं मोठं फूल, भोवती पानं, पानं टाकून द्यायची आणि फूल खायचं.

"पानं टाकून?" तिला ते उधळेपणाचं वाटलं. मग तिनं विचारलं, "तिला कोन चिरतं? बाप्या का बाई?"

"कुणीही."

"विटाळशीनं हात लावला तर चालतं?"

"मला नाही वाटत कुणी विचारलं असेल."

"कंच्या दिशी लावायची, कंच्या वारी खायची न्हाई, सुतकात चालत न्हाई, असलं काय?"

"काही नाही. नवीन भाजी आहे ती. परदेशातून आलेली."

कोंडाबाई गवारी खुडायची थांबली. ती त्या वाफ्यांकडं बघत होती, जिथं एके काळी मेढींचे खड्डे होते आणि आता वांगी होती.

"मंग तिचं बी आन मला," ती म्हणाली. "जिचं काय करू नये त्ये आजून कुनी ठरीवलं न्हाई, अशी येक तरी भाजी लावून बगू दे. कुनी ठरवायच्या आदी."

मी आणते म्हटलं. इथल्या पावसात येणार नाही असंही म्हटलं. "न्हाई आली तर न्हाई आली. तू आन," ती म्हणाली. थंडीला लावायची, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आणायचं ठरलं.

त्या दिवाळीला आई आजारी होती, तिला औषधपाण्याला पुण्यालाच आणलं होतं, म्हणून मी पुण्याहून निघालेच नाही, पुढचा उन्हाळाही तिथंच गेला. बेचाळीसच्या ऑगस्टात चळवळीमुळं कॉलेज बंद पडलं आणि मला भावाकडं नागपूरला पाठवलं. तिथंच माझं लग्न झालं. वडिलांची शाळेतून बदली झाली आणि वाडीला जायला घर उरलं नाही. बी मंडईच्या मागच्या गल्लीत मिळायचं, पुडीत, वर फुलकोबीचं रंगीत चित्र असायचं. मी दुकान आधीच पाहिलेलं होतं, कोंडाबाई. कुठल्या बाजूनं किती आत, तेही तुम्हाला त्याच दिवशी परसात सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, चित्र फाडू नकोस, चित्रासकट आण.